काटा

माझ्या न्हाणीघरातला वजनकाटा
वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेने खाल्ला.
आधी आकडे अर्धे दिसू लागले,
आठाचा तीन, शून्याचा नुसताच एक कान,
मग एका सकाळी मी वर उभी राहिले
आणि काहीच उमटलं नाही.
ओल्या पायांनी तशीच थांबले तिथं,
आज मी कशी आहे
हे कुणाला विचारायचं, कळेना.

अकरा वर्षं पतसंस्थेत लोकांच्या ठेवी मोजते.
घरी येऊन स्वतःला मोजायचे.
निळ्या वहीत: भाकरी अर्धी. आमटी, वरवरची.
काजू तीन, चोरून.
चोरून म्हणजे कुणापासून?
घरात तर मी एकटीच.
शेवटच्या रकान्यात शेरा, लाल शाईने:
बरं. सुमार. लाज.

लग्नाच्या पंगतीत शिरवाळ्यांच्या रसाला
नुसतं बोट लावून म्हणायचे, पोट बिघडलंय.
रात्री दीड वाजता, दिवा न लावता,
टोपातला गार भात उभ्यानेच खायचे.
ताट घेतलं असतं
तर ते जेवण झालं असतं.

काटा पिशवीत घालून बोरकराकडे नेला.
त्याने उघडला, फुंकर मारली,
म्हणाला, ताई, आत काही उरलेलं नाही.
(मला उगाच वाटलं, माझ्याबद्दलच बोलतोय.)

परतताना मासळी बाजारात सुगंधा कुबल
दोन गिऱ्हाइकांच्या मधे पेज जेवत होती.
ऐसपैस बाई. मांडी घालून बसली
की तिची जागा तिची असते,
काठोकाठ, कुणाची माफी न मागता.
मी म्हटलं, काटा हवाय का, दुरुस्त करून घे,
सुकं मोजायला होईल.
"माका कित्याक? माजे हात हत मां."
तिच्याकडे सगळं वाट्यावर,
बोटांनी रचलेलं, डोळ्यांनी तोललेलं,
वर एखादी मोरी, सहज.

मग डबा पुढे करत तिने विचारलं,
"भूक लागली हा तुका?"
मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
"घड्याळ कित्याक बघतंस गो? पोटाक इचार."

विचारलं.
बराच वेळ काही नाही.
वर्षानुवर्षं न बोललेल्या बहिणीला
फोन लावावा, तिने उचलावा,
आणि पलीकडून नुसता श्वास यावा, तसं.
मग अगदी बारीक आवाजात: हो.

उकड्या तांदळाची पेज, मीठ,
भाजलेल्या सुक्या बांगड्याचा एक तुकडा.
डब्याच्या झाकणात, बर्फाच्या पाण्यात पाय,
भर बाजारात, दिवसाउजेडी.
जिभेला मीठ कळलं.
एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर खोटं होईल.

भरती-ओहोटीचं मी काही म्हणणार नाही,
इथे सगळेच म्हणतात.
शिवाय गुरुवारी पुन्हा वही काढली होती.
शनिवारी पुन्हा अंधारात भात.
पण त्या वेळी दिवा लावला,
आणि त्या उजेडात खाली बसले,
आणि भात गरम करून घेतला.
भातही तोच, मीही तीच.
लाल पेन कुठे ठेवलंय, आठवेना.

मांड्या अजून आरशात आवडत नाहीत.
आवडल्याच पाहिजेत असं कुणी म्हटलंय?
बंदराच्या चढावर त्या मला वर नेतात,
मी त्यांना तेल लावते.
सध्या आमचं इतपत बोलणं आहे.

काल बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं ठेचून.
ताट घेतलं. बसले.
चार घास उरले असताना हात थांबला.
आधीही थांबायचा, भीतीने.
काल थांबला, कारण पोट म्हणालं, पुरे.
उरलेलं आणि उरवलेलं
यांतला फरक मला
बेचाळिसाव्या वर्षी कळला,
आणि मांजरीला तर काहीच फरक पडला नाही.

ताटाच्या कडेला काटे काढून ठेवले होते.
ते मात्र मोजले.
सवय आहे. जाईल.